जुन्या घराचा नवा विजेचा डबा : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार. परभणी.

एसी बसून चार दिवस झाले आणि आज रात्री साडेनऊला घर काळोखात. लाईट गेली म्हणावं तर गल्लीत सगळ्यांकडे होती, आपल्याकडेच नव्हती. अण्णा (सासरे) सवयीनं बॅटरी, पक्कड आणि स्टूल घेऊन बोर्डापाशी गेले. किटकॅट (फ्यूजची तार बसवायची चिनी मातीची खुंटी) उपसायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चिनी मातीचं ते बूड तव्यासारखं तापलं होतं. गार झाल्यावर उपसून पाहिलं तर पितळी पट्ट्या काळ्यानिळ्या, आणि आत फ्यूजची तार नव्हतीच. वायरीतले तांब्याचे पदर पिळून घातलेले.

"ही कोणी घातली?"

"मीच. उन्हाळ्यात रोज उडायलता. किती वेळा चढायचं स्टुलावर?"

ती पिळलेली तार अजून शाबूत होती. जळाली होती ती किटकॅटमागची वायर. लाकडी बोर्डावर पाचाच्या नाण्याएवढा करपलेला डाग आहे आणि त्याच्या वर चार बोटांवर माळवदाची (मातीच्या धाब्याची) तुळई. झोप लागली नाही.

हे जालन्याला असतात, शनिवारी रात्री येतात. त्यामुळे हे काम माझ्याकडे. जिनिंगमध्ये हिशेब लिहिते, तसाच इथेही लिहीन. तारीख, काम, पैसे.

४ मार्च, मंगळवार

बिल काढून पाहिलं. मंजूर भार १ किलोवॅट. हे मीटर घेतलं तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आज काय काय आहे ते एकेका वस्तूच्या पाठीवरची पाटी वाचून लिहिलं. एसी १६०० वॅट, गिझर २०००, इंडक्शन २०००, बोअरची मोटार ११०० च्या आसपास, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, वॉशिंग मशीन ५००, दोन कूलर मिळून ४००, फ्रिज २००, पंखे-दिवे धरून ७००. बेरीज १०,२५० वॅट. बेरीज दोनदा केली.

अर्थात सगळं एकदम चालत नाही. एसी लागतो तेव्हा गिझर बंद असतो. मे महिन्यात टाकीतलंच पाणी हात पोळतं. फार तर दुपारी एसी, मोटार, इंडक्शन आणि फ्रिज-पंखे एकत्र. साडेपाच-पावणेसहा होतात. इंडक्शन आणि मोटार एका वेळी लावायची नाही असं ठरवलं तर साडेचारात बसतं. ५ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर २२ अँपिअरच्या आत. आणि आपला तो करपलेला किटकॅट १६ अँपिअरचा. त्याच्यावर एसी, फ्रिज, मिक्सर आणि मोटार चौघंही.

६ मार्च, गुरुवार

दोन भाव आले.

पहिला ठेकेदार. गाडीतून आला, बोर्ड लांबून पाहिला, मोबाइलवर बोलत बोलतच म्हणाला, थ्री फेज घ्या, नवं पॅनेल, केमिकल अर्थिंग, ३८ हजार. मीटर-चार्ज वेगळा. वायरिंग बदलायची का, असं विचारलं तर म्हणाला, "त्याची गरज नाही, वायरिंग चालू आहे ना?"

दुसरे मामू. गल्लीत सगळे त्यांना मामूच म्हणतात, अण्णासुद्धा, वयानं मोठे असून. रोजे सुरू झालेत, त्यामुळे सकाळी सात ते दुपारी एक एवढंच काम करतील. त्यांनी आधी टेस्टर काढला, मग चष्मा. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"भाभी, डब्याचे दहा हजार धरा. बाकीचं भिंत उघडल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर ते खोटं असंल."

आमच्या धंद्यात असं बोलणाऱ्याला कोणी काम देत नाही. मी दिलं.

थ्री फेज नको असं ठरलं. घरात तीन फेजवर चालणारं एकही यंत्र नाही, आणि स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास, दर महिन्याला, वापरा न वापरा.

९ मार्च, रविवार

मामूंनी आज नुसतं उघडून दाखवलं. मजुरी घेतली नाही. हे पण घरी होते, त्यामुळे तिघांनी पाहिलं.

मुख्य बोर्डातली पहिली गोष्ट : फेजच्या (करंट आणणाऱ्या) वायरीलाही फ्यूज आणि न्यूट्रललाही (परतीच्या). मामूंनी न्यूट्रलचा किटकॅट उपसला, ओसरीतला बल्ब गेला. "बंद झाला?" म्हणाले. झाला. मग त्यांनी होल्डरमध्ये टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. परतीची वाट तुटल्यामुळे बल्ब विझला, पण करंट होल्डरपर्यंत येऊन उभाच आहे. असा फ्यूज उडाल्यावर "लाईट नाही" समजून अण्णा कितीदा बल्ब बदलायला चढले असतील, ते मोजायला गेले नाही.

दुसरी गोष्ट माळवदात. हे पुढचं घर आजेसासऱ्यांचं. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर पांढरी माती. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ च्या सप्टेंबरनंतर, त्यांनी घाबरून माळवदावरची निम्मी माती उतरवली आणि पुढच्या वर्षी मागे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. माती उतरली, वायरी तशाच राहिल्या. तुळईला लागून लाकडी पट्टी, तिच्यावर कापडी वेष्टणाच्या वायरी. मामूंनी एक वायर चिमटीत धरून जराशी वाकवली. वरचं रबर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं गळून खाली पडलं. उघडं तांबं. त्याला लागून वाळलेलं लाकूड.

तिसरी गोष्ट अर्थिंग. पुढच्या घरातून एक हिरवी पडलेली तार अंगणात जाते आणि नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली आहे. मागे नळाची लाईन बदलली तेव्हा जमिनीतला पाइप प्लास्टिकचा झाला. वर फूटभर लोखंडी तुकडा राहिला, तार त्यालाच. म्हणजे अर्थिंग जमिनीत जातच नव्हतं.

आई (सासूबाई) हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणूनच फ्रिज चावतो का?"

त्या गेली दोन वर्षं फ्रिजपुढे लाकडी पाट ठेवून, त्याच्यावर उभं राहून दूध काढतात. आम्ही हसायचो.

११ मार्च, मंगळवार

खरेदीला स्टेशन रोड. आधी एका दुकानात एमसीबी (फ्यूजऐवजी आपोआप पडणारी कळ) ९५ रुपयांना मिळाली म्हणून चार घेतल्या. मामूंनी तळहातावर ठेवून वजन केलं, अंगठ्यानं छापील अक्षरं घासली. अक्षरं पुसली गेली. आयएसआयचं चिन्ह नाही, किती किलोअँपिअरचा शॉर्ट तोडेल तेही लिहिलेलं नाही. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, बिल तर दिलंच नव्हतं. ३८० रुपये गेले. मी, जी दिवसभर पावत्या तपासते, बिल न घेता निघाले.

दुसऱ्या दुकानात, बिलासकट, १८ टक्के जीएसटी धरून :

१६ वेचा (सोळा खाचांचा) डबल डोअर डबा २,४५०. मामू म्हणाले होते लहानात बसवून देतो, मीच मोठा घेतला. भिंत पुन्हा फोडायची नाही. मेनला ३२ अँपिअरची डबल पोल एमसीबी ७२०. आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारी कळ) ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन, प्रत्येकी २,१५०. सिंगल पोल एमसीबी आठ, प्रत्येकी १९०. न्यूट्रलची पट्टी, लग, टेप, किरकोळ ६१०. एकूण ९,६००.

अण्णांचा आग्रह होता की सगळ्या एमसीबी ३२ च्या घ्या, म्हणजे उठसूट पडणार नाहीत. मामूंचं उत्तर तसंच लिहून ठेवते : "अण्णा, लहान टाकली तर एमसीबी पडती आन् वायर वाचती. मोठी टाकली तर एमसीबी वाचती आन् वायर जळती. तुमच्या किटकॅटचं तेच झालं ना?" अण्णा गप्प. दीड एमएमच्या वायरीवर ६ किंवा १० ची, अडीचवर १६ ची, चारवर २० ची. वायर आधी ठरवायची, एमसीबी तिच्या मापाची.

१३ मार्च, गुरुवार

होळी. काम नाही. उद्या धुळवड. वायरीची बंडलं पलंगाखाली ठेवली आहेत. लहाना त्यांच्यावर बसून ट्रॅक्टर चालवतो.

१६ मार्च, रविवार

काम सुरू. डबा कुठे बसवायचा यावरच पहिला तास गेला. जुन्या जागी नको, वर लाकूड आहे. मागच्या स्लॅबच्या खोलीत, दाराशेजारच्या विटांच्या भिंतीत ठरला, आईचा हात पोचेल अशा उंचीवर. आई म्हणाल्या, "मला कशाला?" घरात दिवसभर एकट्या त्याच असतात, म्हणून.

मीटरपासून डब्यापर्यंत नऊ मीटर. १० एमएम तांब्याची वायर, फेज-न्यूट्रल मिळून १८ मीटर, १५५ रुपये मीटरप्रमाणे २,७९०. बाकी वायरीचं बिल : चार एमएमचं एक बंडल ५,३००, अडीचची दोन ६,७००, दीडची दोन ४,२००, अर्थसाठी हिरवं एक २,१००. सगळी वायर धरून २१,०९०. डब्याच्या दुपटीहून जास्त. तांब्याचा भाव सोन्यासारखा पाहायची वेळ आली आहे.

मामूंची मजुरी १,०००, मदतीला येणाऱ्या त्यांच्या भाच्याची ५००. रोज १,५००.

१७ मार्च, सोमवार

भार १ वरून ५ किलोवॅट करण्याचा अर्ज भरला. मामूंकडे वायरमनचा परवाना आहे, पण टेस्ट रिपोर्टवर सही लागते लायसन्स असलेल्या ठेकेदाराची. मामूंच्या ओळखीचा एक जण येऊन सगळं पाहून मगच सही करणार. सुरक्षा ठेवीचा फरक, अर्ज, रिपोर्ट मिळून ३,१५०.

१८ आणि १९ मार्च

माळवदाचं काम. मातीच्या भिंतीत झिरी मारता येत नाही. छिन्नी लावली की मूठभर भिंत हातात येते. मामू म्हणाले, इथे केसिंग पट्टीच. पांढरी प्लास्टिकची पट्टी सागाच्या तुळईवर कशी दिसेल या विचारानं मला वाईट वाटत होतं. भाच्यानं तोडगा काढला. तुळईच्या वरच्या अंगानं, खालून दिसणार नाही अशी नेली आणि खांबाच्या मागच्या कडेनं खाली उतरवली. दीड दिवसाचं काम तीन दिवसांवर जाणार. चालेल.

जुनी लाकडी पट्टी काढताना तिच्यामागे चिमण्यांच्या घरट्याचं वाळकं गवत निघालं, ओंजळभर. उघड्या वायरीला टेकून. मामूंनी ते भाच्याच्या हातावर ठेवलं आणि नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

मागच्या खोल्यांत विटांच्या भिंती, तिथे झिरी मारून पाइप टाकला. कटरची धूळ पिठासारखी सगळ्या भांड्यांवर. स्वयंपाक दोन दिवस अंगणात, चुलीवर. अण्णा खूश, भाकरी बरी झाली म्हणे.

२० मार्च, गुरुवार

अर्थिंगचा खड्डा. जागा मागच्या मोरीजवळ, पाणी मुरतं तिथे. वरचे चार फूट काळी माती, खाली मुरूम. काळ्या मातीचं आपल्याला सांगायला नको. पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळली की पाइपाभोवतीची माती सुटते, आणि कोरडी माती करंट नीट घेत नाही. ज्या महिन्यात एसी सर्वांत जास्त चालतो त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमजोर. म्हणून मोरीजवळ, आणि म्हणून खोल.

अडीच मीटरचा जीआय पाइप १,४५०. कोळसा-मीठ घालायचं की तयार पावडर, यावर चर्चा झाली. मीठ स्वस्त, पण काही वर्षांत तेच पाइप खातं. पावडर घेतली, ९००. वरपर्यंतची पट्टी आणि नटबोल्ट ८५०, खड्डा खणायला १,२००, वर झाकण ३५०. बेरीज ४,७५०. पाण्यासाठी वर नरसाळं ठेवलं आहे. उन्हाळाभर आठवड्याला एक बादली ओतायची, ती जबाबदारी अण्णांनी मागून घेतली.

मामूंनी कुठूनसा अर्थ टेस्टर आणला. दोन सळया लांब अंतरावर ठोकून हँडल फिरवलं. ३.८ ओहम. पाचाच्या आत आलं की झालं, म्हणाले. रोजा आणि ऊन, घसा कोरडा, तरी तीनदा मोजलं.

२२ मार्च, शनिवार

मीटरचं सील आपण तोडायचं नसतं. लाईनमन आले, जुनी वायर सोडली, नवी जोडली, सील लावलं. मामूंनी मेन वर केली. एक आरसीसीबी वर केली, राहिली. दुसरी वर केली, खट्. पडली. पुन्हा वर, पुन्हा खट्.

अण्णा लगेच, "बगा, नवीनच खराब निघाली."

मामूंनी ती काढून पहिलीच्या जागी लावली. तिथे व्यवस्थित राहिली. म्हणजे दोष घरात आहे, तिच्यात नाही. एक वाजला होता. आजची रात्र फक्त पुढच्या घरात दिवे नाहीत. मागे सगळं चालू. झोपलो सगळे एसीच्या खोलीत, सहा जण.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

आधी आरसीसीबी काय करते ते. मला हे मामूंनी नाही, माझ्या कामानं समजलं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला पाहिजे. रोकड वहीसारखं. सकाळी गल्ल्यातून गेलेले आणि संध्याकाळी परत आलेले जुळले पाहिजेत. ३० मिलिअँपिअरचा फरक आला की ती समजते, वाटेत कुठेतरी गळती आहे. कदाचित कोणाच्या तरी अंगातून. आणि कोणाला न विचारता दुकान बंद करते. एमसीबीला यातलं काही कळत नाही. ती फक्त जास्त किती झाले ते पाहते. उलट, कितीही ओव्हरलोड झाला तरी हिशेब जुळत असेल तर आरसीसीबी हलत नाही. म्हणून दोघी लागतात.

आता पुढच्या घरातल्या गळतीचा शोध. सगळ्या एमसीबी खाली, न्यूट्रलही पट्टीवरून सोडलेले, मग एकेकीचा न्यूट्रल जोडून ती वर. दिवे : राहिले. सॉकेट : राहिले. स्वयंपाकघर : खट्. तिथले प्लग काढले, तरी खट्. मग एकेक सॉकेट उघडलं. या भागातल्या भिंतीवरच्या वायरी नव्या होत्या, पण तीन सॉकेटच्या पाट्या जुन्याच ठेवल्या होत्या, दोनशे रुपये वाचवायला. फ्रिजच्या सॉकेटची पाटी उघडल्यावर मामूंनी मला हाक मारली.

मागे बोटभर लाल वायरीचा तुकडा. एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूला, दुसरं अर्थच्या मोठ्या भोकाच्या स्क्रूला.

कोणीतरी कधीतरी अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थ करून टाकलं होतं. तीन पिना भरल्यासारख्या दिसतात, टेस्टर लावला तर काही दाखवत नाही, गिऱ्हाईक खूश. पण न्यूट्रल मागे कुठेही सैल झाला, की फ्रिजचा पत्रा थेट फेजवर. आणि आमच्या बोर्डात न्यूट्रलला फ्यूज होता. तो उडाला असता, फ्रिज चालू असता आणि आई पाटाऐवजी फरशीवर उभ्या असत्या तर, इथे मी लिहायची थांबते.

तो तुकडा मामूंनी माझ्या हातात दिला. दीड इंच. या वहीच्या पानाला स्टेपल केला आहे.

तिन्ही पाट्या बदलल्या. आरसीसीबी राहिली. पाच मिनिटं सगळे खूश. मग जिन्याचा दिवा लावला आणि यावेळी दोन्ही पडल्या.

हे कोडं अर्ध्या तासात सुटलं, कारण मामूंना अंदाज होता. जिन्याचा दिवा खालून-वरून दोन बटणांचा. त्याला फेज पुढच्या घरातून आणि न्यूट्रल मागच्या स्लॅबमधून, १९९४ साली जवळ पडला म्हणून घेतलेला. एका वहीतून पैसे गेले, दुसऱ्या वहीत जमा झाले. दोन्ही हिशेब चुकले. न्यूट्रल मागून पुढे ओढला, पंधरा फूट वायर. जुन्या बोर्डावर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं असतं.

संध्याकाळी टेस्ट बटण दाबून दोन्ही आरसीसीबी पाडून पाहिल्या. महिन्यातून एकदा दाबायचं. मी एक तारीख धरली आहे, पगाराच्या दिवशी.

२६ मार्च, बुधवार

अकरावा दिवस, काम संपलं. डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एकेका एमसीबीखाली मराठीत नावं लिहिली : मोटार, गिझर, एसी, स्वयंपाक. "जुनं घर दिवे" लिहिताना अण्णा म्हणाले, "जुनं कशाला, पुढचं घर लिही." तसं लिहिलं.

आई आज फ्रिजपुढे अनवाणी उभ्या राहिल्या, दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पाट उचलून देवघरात ठेवला.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, आज ईद. मामूंकडून शीरखुर्म्याचा डबा आला. आईंनी रिकामा न पाठवता त्यात कालच्या पुरणपोळ्या घातल्या. राहिलेली मजुरी त्याआधीच, शनिवारी दिली होती.

६ एप्रिल, रविवार

हिशेब. डबा ९,६००. वायर २१,०९०. केसिंग, पाइप, सॉकेट, बटणं ६,३४०. अर्थिंग ४,७५०. मजुरी अकरा दिवस १६,५००. गवंडी, झिरी भरायला २,४००. भार वाढ ३,१५०. खोट्या एमसीबीचे ३८०. एकूण ६४,२१०. रंग धरलेला नाही. तो दिवाळीला लावायचाच होता, असं अण्णांचं म्हणणं.

ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तो ठेकेदार अडतीसात करत होता."

म्हणून खाली वेगळा तक्ता मांडला. ठेकेदार जेवढं करणार होता तेवढंच धरलं, म्हणजे डबा, अर्थिंग, मीटरची वायर आणि तीन दिवसांची मजुरी, तर आपल्याला पडले २१,६४०. त्याच्या ३८ शी तुलना याची. वायरिंग, पट्ट्या, उरलेले आठ दिवस आणि गवंडी हे ३९,०४० त्याच्या भावात नव्हतेच. त्यानं चकचकीत डबा बसवला असता, आरसीसीबी पडली असती आणि, हे मी पैजेवर सांगते, तिच्या डोक्यावरून वायर टाकून तो गेला असता. वायरिंग चालू आहे ना?

विटांचं, वीस-पंचवीस वर्षांचं, बरी वायर असलेलं घर असेल त्याला खरंच वीस-बावीस हजारात होईल. माळवदवाल्यांनी तिप्पट धरावी.

१२ मे, सोमवार

अवकाळी. विजा अशा की भांडी वाजत होती. चार घरं सोडून एकांचा टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही गेले. डब्यात दोन वे रिकामे होतेच. सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) बसवला, ३,१००. मार्चमध्ये मीच नको म्हणाले होते. मामूंनी बसवायची मजुरी घेतली नाही, चहा घेतला. एकूण ६७,३१०.

२७ मे, मंगळवार

यंदा मे महिन्यातच पावसाळा. रात्रभर पडला. पहाटे पाचला मागची आरसीसीबी पडली. मी उठून गेले तर अण्णा आधीच डब्यापुढे उभे, चष्मा लावून. शेजारच्यांनी त्यांना मागेच सांगितलं होतं, ती कटकट काढून टाका, थेट जोडा. मला वाटलं आता तेच काढतील.

त्यांनी मागच्या सगळ्या एमसीबी खाली केल्या. आरसीसीबी वर, राहिली. दिवे वर, राहिले. गिझर, राहिला. एसी, राहिला. मोटार वर केली, खट्. मोटार खाली ठेवली, बाकी सगळं चालू केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोअरपाशी पाणी गेलं असंल. मामूला आठ वाजता फोन कर, आत्ता झोपला असंल."

बोअरच्या तोंडाशी केबलचा जोड, टेप सुटलेली, त्यावर पाण्याचं डबकं. लहाना रोज सकाळी तिथेच पाय धुतो.

जोड नवा केला, वर डबी बसवली, ४५० रुपये. हे पॅनेलच्या खर्चात धरायचे की मोटारीच्या, यावर घरात एकमत नाही. सध्या पेन्सिलीनं लिहिले आहेत.